तीसही दिवस मोकळी

पुरणात उलथनं आधाराशिवाय उभं राहिलं, म्हणजे पुरण झालं. मी गॅस बंद करायला हात पुढे केला आणि मांडीवरून काहीतरी गरम ओघळलं. क्षणभर वाटलं, घाम असेल. नवरात्राची पाचवी माळ, ऑक्टोबरचा उकाडा आणि अंगावर सोवळ्याची साडी. मग खाली पाहिलं. पावलाजवळ फरशीवर लाल थेंब पडला होता.

मला आनंद झाला. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या तीन दिवसांत आमच्या घरात सगळ्यांत जास्त आनंद मलाच झाला होता.

"आई," मी हाक मारली, "जरा इकडे येता?"

सासूबाई देवघरातून आल्या. त्यांनी थेंबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग कढईकडे.

"उलथनं सोड हातातलं," त्या म्हणाल्या. मी सोडलं. "कधीपासून?"

"आत्ताच."

"नक्की आत्ताच? सकाळची कोशिंबीर तूच केलीस."

"आत्ताच, आई. या क्षणी."

त्यांनी डोळे मिटून देवीचं नाव घेतलं. कढईतलं सगळं पुरण गाईला गेलं, फरशी गोमूत्राने पुसली गेली आणि आईंनी दुसरी डाळ शिजायला टाकली. मी भिंतीकडेने, कशालाही न शिवता, मागच्या खोलीकडे निघाले. तेव्हा त्यांनी मागून हाक मारली आणि चक्क हसून म्हणाल्या, "चला, सुटलीस एकदाची. देवीनेच मोकळं केलं." संध्याकाळी त्यांनी देवापुढे साखर ठेवली आणि शेजारच्या काकूंनाही वाटीभर दिली.

आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं. गावाबाहेरच्या टेकडीवर देवीचं देऊळ आहे. पूजा गुरवांची, पण नैवेद्याचा मान आमच्या घराचा. सणावारी, पौर्णिमेला, दर मंगळवारी आणि नवरात्रात रोज आमच्या स्वयंपाकघरातून पुरणावरणाचं ताट टेकडीवर जातं. बाराची आरती त्या ताटासाठी थांबत नाही, ताटाने आरतीच्या आधी पोचायचं असतं. घराला सुतक आलं तर मान त्या वर्षापुरता भाऊबंदांकडे जातो. माझ्या आजेसासऱ्यांच्या काळात एकदा तसा गेला होता आणि तो परत मिळवताना त्यांच्या नाकीनऊ आले होते. ही हकिगत आईंनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ऐकवली. माझ्या बांगडीचं माप काय आहे, मला काय आवडतं, हे त्यांनी नंतर कधीतरी विचारलं.

अशा घरात सुनेची पाळी म्हणजे घराची अडचण. थोरल्या जाऊबाई, वसुधावहिनी, महिन्यातले चार दिवस न चुकता मागच्या खोलीत बसायच्या. न्हाणीघराला लागून पत्र्याची खोली, दोन चटया, एक माठ, वेगळी ताटली. ते चार दिवस सगळा स्वयंपाक माझ्यावर. मला मात्र पाळी यायचीच नाही. लग्नाआधीपासून तीन-तीन, चार-चार महिने कोरडे जायचे. डॉक्टरांनी त्याला पीसीओडी म्हटलं, माझ्या आईने 'अंगात उष्णता' म्हटलं आणि सासूबाईंनी काहीच म्हटलं नाही. त्यांनी त्याचा उपयोग केला. पाहुण्यांना सांगताना त्यांच्या आवाजात कौतुकच असायचं: "आमच्या सुचेताचं बरं आहे. तीसही दिवस मोकळी."

हे ऐकताना पहिल्यांदा मी हसले होते. नंतर नंतर पाहुण्यांसमोर थांबणंच टाळायला लागले.

वसुधावहिनींना मुलगा होता, अभि, त्यामुळे वंशाची काळजी मिटलेली होती. मूल हवं होतं ते मला. माझा नवरा प्रसन्न तसा सरळ माणूस, "झालं तर झालं, नाही तर नाही" म्हणणारा. असं म्हणणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही. लग्नाला सहा वर्षं झाली होती. माझं वजन वाढत चाललं होतं, हनुवटीवर केस यायचे, ते मी दार लावून उपटायचे. गोळ्या घेतल्या की पाळी यायची, थांबवल्या की थांबायची. त्या गोळ्या कधी घ्यायच्या हेसुद्धा आई पंचांग बघून सांगत. पौर्णिमा होऊ दे, मग घे. आणि मी घ्यायचे.

मग कऱ्हाडच्या डॉक्टर तांबोळी भेटल्या. त्यांनी गोळ्या बंद केल्या. म्हणाल्या, "वजन थोडं उतरवा. शरीराला जमू द्या. पाळी आपली आपण येईल, उशीर लागेल, पण येईल." इतकी वर्षं गोळीच्या तोंडाकडे बघत बसलेल्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल? मी त्या दिवशी बसस्टँडवरून घरापर्यंत चालतच गेले.

संक्रांतीपासून सुरुवात केली. पहाटे कॉलेजच्या मैदानावर फेऱ्या, दोन वेळा भाकरी, साखर बंद, तूप बंद, भात बंद. आणि काम काय, तर ऊठसूट पुरण शिजवायचं. तुपात न्हालेल्या पोळ्या लाटायच्या आणि स्वतः ज्वारीची भाकरी मोडायची. आईंना माझं चालणं चालायचं, पण प्रसाद नाकारणं त्यांच्या जिवावर यायचं. "एवढंसं पुरण खाऊन कुणी लठ्ठ झालंय?" त्या म्हणायच्या. मी बोटावर घेऊन डोळ्यांना लावायचे आणि वसुधावहिनींच्या मुलाला द्यायचे. प्रसन्न चेष्टा करायचा, की देवीला आता आपल्या घरात तूच एक नास्तिक सापडलीस.

श्रावणापर्यंत माझे ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. हनुवटीवरचे केस कमी झाले. गावातल्या बायका थांबवून विचारायला लागल्या, काय खातेस गं. एक पाळी मात्र काही यायला तयार नव्हती. गणपतीत मला मळमळायला लागलं, सकाळी उलट्याही झाल्या. आई म्हणाल्या, उपाशी राहून पित्त झालंय. मलाही तेच पटलं. मूल राहिलंय का ते बघायची पट्टी आणावी असं माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण सहा वर्षांत इतक्या पट्ट्या करून झाल्या होत्या आणि प्रत्येक पट्टीवर एकच रेघ! मेडिकलवाला आता मला बघितलं की न विचारताच पुडी काढायचा. पुन्हा त्या दुकानाची पायरी चढायची नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. डॉक्टरांकडे मात्र जायचं होतं, त्यांनी बोलावलंच होतं. आई म्हणाल्या, नवरात्र तोंडावर आलंय, दसरा होऊ दे, मग जा.

म्हणून तो लाल थेंब बघून मला रडू येईल एवढा आनंद झाला. गोळी नाही, इंजेक्शन नाही, आणि माझ्या शरीराने माझं ऐकलं होतं.

मागच्या खोलीत वसुधावहिनी आदल्या दिवसापासून बसलेल्या होत्या. मी दारात उभी राहिले आणि नुसती हसले. त्या उठून बसल्या.

"तू? खरंच?"

"खरंच."

त्यांनी मला मिठी मारली. त्या खोलीची एवढी एकच चांगली गोष्ट होती, तिथे एकमेकींना शिवता यायचं. त्या रात्री मी माझ्या आईला फोन केला, तर पलीकडे तीही रडली आणि तिनेही देवापुढे साखर ठेवली. दोन घरांत साखर! प्रसन्न दारापर्यंत आला, उंबऱ्याच्या पलीकडे उभं राहून म्हणाला, "अभिनंदन, मॅडम." सोवळ्यात होता, आत आला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. सगळं जग मला त्या दिवशी गोड वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पोटात कळा सुरू झाल्या. कळा म्हणजे पाळीच्या वेळी दुखतं तशा नव्हेत, कमरेपासून पिळत खाली येणाऱ्या. रक्त थांबेना. कापडाच्या घड्या पुरेनात. गाठी पडायला लागल्या. वसुधावहिनी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

आईंनी तिळाचा आणि गुळाचा काढा करून पाठवला, म्हणजे उंबऱ्याबाहेर भांडं ठेवून त्या मागे सरल्या. वहिनी त्यांना म्हणाल्या, "आई, हिला फारच होतंय. डॉक्टरला दाखवूया का?"

"एवढ्या महिन्यांचं साचलेलं आहे," आई म्हणाल्या. "होऊ दे मोकळं. अडवलं तर गाठी राहतात."

आणि मी स्वतः मान डोलावली. मी काढा प्याले, अजून मागितला. मला ते रक्त जितकं जास्त जाईल तितकी मी बरी होतेय, असं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी, सातव्या माळेला, सकाळी मी चटईवर पडून होते. घरात धावपळ चालू होती. सगळा स्वयंपाक आईंच्या एकटीच्या अंगावर पडला होता आणि भांड्यांच्या आवाजावरून त्यांचा राग कळत होता. वसुधावहिनींनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, "सुचेता, गणपतीत तुला उलट्या होत होत्या ना?"

"पित्ताच्या."

"छाती दुखायची?"

मी हो म्हटलं. का विचारताय, हे मी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "अभिच्या आधी माझं एक गेलं होतं. कुणाला माहीत नाही, माहेरी असताना झालं. ते असंच होतं. ही पाळी नाही गं."

मला त्यांचा राग आला. खरं सांगते, माझ्या आनंदाला दृष्ट लावतायत असं वाटलं मला. "पाळीच आहे," मी म्हटलं आणि न्हाणीघरात जायला उठले. खोलीच्या दारापर्यंत गेले असेन. मग पत्रा, माठ, दार सगळं एका बाजूला कललं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मी अर्धी उंबऱ्याच्या आत, अर्धी बाहेर पडलेली होते. गार फरशी गालाला लागत होती. वहिनी हाका मारत होत्या. समोर आई आल्या, सोवळ्यात, हातात पळी. मागून प्रसन्न, पीतांबर नेसलेला, नैवेद्याचं ताट घेऊन टेकडीवर निघालेला. ते दोघं माझ्यापासून दोन हातांवर उभे राहिले. आईंनी नकळत हात पुढे केला होता, तो मी पाहिला. तो त्यांनी मागे घेतला, तेही पाहिलं.

"वसुधा, तूच उचल तिला," आई म्हणाल्या. "आम्हांला शिवता यायचं नाही. पाणी मार तोंडावर."

"भावजी, रिक्षा बोलवा," वहिनी ओरडल्या.

प्रसन्नने माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आरतीला पंधरा मिनिटं आहेत," तो म्हणाला. "एवढं पोचवून लगेच येतो."

तो दारातून गेला. वहिनींनी मला काखेत धरून उठवलं, शेजारच्या काकूंच्या मुलाची रिक्षा थांबवली आणि अनवाणीच माझ्याबरोबर बसल्या. कऱ्हाडला पोचेपर्यंत रिक्षाची सीट भिजली होती. तो मुलगा सारखा हॉर्न वाजवत राहिला.

डॉक्टर तांबोळींनी तपासलं, सोनोग्राफी केली, आणि मला आत घेतलं. सगळं आटोपल्यावर, सलाइन चालू असताना, त्या माझ्या पलंगाशी स्टूल ओढून बसल्या. त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांनी फार सावकाश सांगितलं.

म्हणाल्या, "बीज आधी सुटतं, पाळी नंतर येते. तुमचं वजन उतरलं, इतक्या वर्षांनी बीज सुटलं आणि पाळी यायच्या आतच दिवस राहिले. पाळी चुकल्याचं तुम्हांला कळणार कसं? ती येतच नव्हती."

"म्हणजे हे..."

"गर्भ होता, सुचेता. पडला."

मी छताकडे बघत राहिले. दोन घरांत देवापुढे साखर ठेवली होती. मी काढा मागून मागून प्याले होते. मी विचारलं, काढ्याने झालं का, चालण्याने झालं का, उपाशी राहिल्याने झालं का. त्या म्हणाल्या, नाही, असं पुष्कळदा होतं, कुणाच्या करण्याने होत नाही. वेळेवर आला असतात तरी बहुतेक वाचलं नसतं, पण तुमचं एवढं रक्त गेलं नसतं. त्यांचं म्हणणं मी तेव्हाही मानलं आणि आजही मानते. ते पडलं याबद्दल माझा कुणावरही राग नाही.

संध्याकाळी आई आणि प्रसन्न आले. प्रसन्नने माझा हात धरला, आता तो सोवळ्यात नव्हता. त्याचे डोळे भरून आले होते आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. आई पायथ्याशी उभ्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना सगळं सांगितल्यावर त्या पलंगाच्या कठड्याला धरून राहिल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "किती दिवसांचं होतं ते?"

आवाज इतका खोल गेला होता, की माझा जीव कळवळला. इतकी वर्षं ज्या बाईने माझं आजारपण सोयीचं म्हणून वापरलं, तिच्याही पोटात कुठेतरी आजी होती तर. मी माझा हात, सलाइन लावलेला, त्यांच्याकडे पुढे केला.

"आठ आठवडे असतील. फार तर नऊ," डॉक्टर म्हणाल्या.

"म्हणजे तिसरा पुरा नव्हता?"

"नाही. तिसरा नुकता लागला असेल."

आईंनी दीर्घ श्वास सोडला. चेहऱ्यावर रंग परत आला. त्या प्रसन्नकडे वळल्या.

"मग घराला सुतक नाही," त्या म्हणाल्या. "तिचं तिच्यापुरतंच. तू नुसती आंघोळ केलीस की झालं. उद्याचा नैवेद्य आपलाच." आणि हात जोडून, खिडकीतून दिसणाऱ्या आभाळाकडे बघत, "राखलंस गं बाई."

डॉक्टर तांबोळींना त्यातलं किती कळलं, मला माहीत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझा पुढे केलेला हात उचलला आणि नीट पांघरुणावर ठेवला.

मी माहेरी गेले नाही. लोकांना वाटतं अशा वेळी बाई घर सोडते. मी परत आले, मागच्या खोलीत माझ्यापुरते दिवस बसले, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पुन्हा स्वयंपाकघरात उभी राहिले. मैदानावर चालणंही पुन्हा सुरू केलं. आई माझ्याशी पूर्वीपेक्षा मऊ वागत होत्या, दूध द्यायच्या, बस म्हणायच्या. त्या दुष्ट नव्हत्या, हेच मला जास्त खुपायचं. पुढे दोन वर्षांनी मला मुलगी झाली, डॉक्टर तांबोळींच्याच हातून. पण या गोष्टीत ती येत नाही.

या गोष्टीत येते ती त्रिपुरी पौर्णिमा. सकाळी उठले तेव्हा कंबर भरून आली होती. न्हाणीघरात गेले आणि पाहिलं. या वेळी कळा नाहीत, गाठी नाहीत. साधी, शहाण्यासारखी पाळी, गोळीवाचून आलेली. वर्षभर ज्या गोष्टीसाठी उपाशी राहिले ती गोष्ट. कुणाला मिठी मारावी असं वाटलं नाही. मी आंघोळ केली, घडी घेतली, सोवळ्याची साडी नेसले आणि स्वयंपाकघरात जाऊन डाळ चढवली.

आई देवघरातून आल्या. फुलं निवडता निवडता त्यांनी सहज विचारलं, "अगं, तुझं काही आलं का या महिन्यात?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत सहानुभूती होती आणि तिच्या मागोमाग, लपवता न आलेला, सुटकेचा भाव. "असू दे," त्या म्हणाल्या. "येईल सावकाश. वसुधाचं या वेळी लांबलं, नेमकी आज बसलीय बाजूला. तू आहेस म्हणून बरं."

मी गूळ घातला, वेलदोडा घातला, जायफळ किसलं. उलथनं आधाराशिवाय उभं राहिलं तेव्हा गॅस बंद केला. पोळ्या माझ्याच हातच्या, तूप मीच सोडलं. ताट टेकडीवर वेळेवर पोचलं, आरती झाली, प्रसाद खाली आला. देवीने काही हरकत घेतली नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरही कधी नाही. मुलीच्या बाळंतपणाचे दिवस सोडले तर मी पुन्हा कधीच मागच्या खोलीत बसले नाही. आईंनी शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, आमची सुचेता तीसही दिवस मोकळी. वसुधावहिनींना सगळं माहीत होतं. त्या अशा वेळी पदराने तोंड पुसायच्या.

पण ते पुढचं. त्या पौर्णिमेला दुपारी पंगत बसली. आईंनी पुरणपोळीचा पहिला तुकडा डोळ्यांना लावला, तोंडात टाकला आणि मान हलवली.

"आजचं पुरण फार छान झालंय गं," त्या म्हणाल्या.

मग मीही पाट ओढला, पोळी वाढून घेतली, वरून तूप घेतलं, आणि संक्रांतीनंतर पहिल्यांदा पोटभर जेवले.